पेंटराच्या भिंतीवरचा शब्द

यशवंत पेंटराला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, हे मी गेली तीस वर्षं त्याच्या तोंडावर सांगत आले आहे आणि तोही गेली तीस वर्षं "जाता, बाई", म्हणजे चालतंय, असं म्हणून हसत आला आहे. आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी गोव्यात, पेडण्याच्या शाळेत मराठी शिकवत होते. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शाळेच्या कुंपणभिंतीवर या गृहस्थानं हातभर उंचीच्या अक्षरांत लिहून ठेवलं, 'स्वातंत्र्य दीन चिरायू होवो'. मी शिडीखाली उभी राहून ओरडले, "अरे, दीन म्हणजे बिचारा! आपलं स्वातंत्र्य काय बिचारं आहे?" त्यानं ब्रश थांबवून थोडा विचार केला आणि वरून उत्तर दिलं, "बाई, तशें थोडें आसाच."

त्या दिवसापासून लिहायचा मजकूर आधी माझ्याकडे यायचा, मग भिंतीवर जायचा. बसच्या कपाळावरची नावं, जत्रेतल्या नाटकांच्या पाट्या, सोसायटीचे फलक, निवडणुकीची चिन्हं, 'येथे लघवी करू नये' हे सगळं मी तपासलेलं आहे. शेवटचं वाक्य तर इतक्या वेळा की, माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्याचा उल्लेख व्हायला हवा होता.

पण अक्षर! त्याचा 'ळ' एकदा बघावा. छापील अक्षर त्यापुढे उपाशी वाटतं. फ्लेक्स आले आणि पेंटर लोकांचं काम बसलं. कुणी रिक्षा घेतली, कुणी हॉटेलात गेलं. यशवंत मात्र शिडी घेऊन फिरत राहिला. त्याची पद्धतही जुनीच. ओळ आखायला तो पट्टी लावत नाही. लांब दोरा खडूच्या भुकटीत घोळवायचा, दोन टोकांना दोघांनी ताणून भिंतीला टेकवायचा आणि मधे बोटानं उचलून सोडायचा. टक् आवाज होतो आणि भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटते. या कामाला दुसरा माणूस लागतोच. तो दुसरा माणूस म्हणजे दत्तप्रसाद.

दत्तप्रसाद मूळचा सातार्ड्याचा. सातार्डा म्हणजे नायबागचा पूल ओलांडला की लागणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. गोवा सरकारच्या कदंबाच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी यशवंताकडे एक खोली भाड्यानं घेऊन राहिला. यशवंताची आई नुकतीच वारली होती, घर रिकामं होतं. पहिल्या वर्षी गाव त्याला 'पेंटराचो भाडेकरू' म्हणे. पाचेक वर्षांनी 'पेंटराचो इश्ट' झाला, म्हणजे दोस्त. त्यानंतर गावाला शब्दच सापडेना. बाजारात लोक विचारायचे, "पेंटर खंय गेलो? आणि ताचो तो?" व्याकरणाच्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. सर्वनामामागं नामच नाही!

स्वयंपाक दत्तप्रसाद करायचा. पहाटेच्या ट्रिपला जायच्या आधी आमटी चुलीवर असायची. पाववाल्या पदेराचा भोंगा वाजला की पाव घ्यायला यशवंत धावायचा, त्यातला मऊ पाव दत्तप्रसादाला, कडक स्वतःला. सुट्टीच्या दिवशी एक शिडीवर आणि एक दोऱ्याचं टोक धरून खाली. दोघं दिवसभर भांडायचे, तेही मिठावरून. यशवंताला स्थळं यायची, तो "फुडल्या वर्साक बघूंया" म्हणायचा. पुढली वर्षं संपली तशी स्थळंही संपली. गावाला सगळं कळत होतं आणि गाव काही म्हणत नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. त्यात मी पण आले. तपासणीच्या बदल्यात दत्तप्रसादाच्या पातोळ्या मी वर्षानुवर्षं खाल्ल्या, पण तुम्ही दोघं एकमेकांचे कोण, हे कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला तेव्हा वाटायचं.

गेल्या वर्षी दत्तप्रसाद निवृत्त झाला आणि सातार्ड्याहून त्याचा पुतण्या संदीप येऊ लागला. चांगला मुलगा, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. "काका, नोकरी सोपली. आता हयसर तुमचा कोण असा? घराक चला." म्हातारपणी काकाला परक्याच्या घरात ठेवणं त्याला पटत नव्हतं. दत्तप्रसाद आधी हसण्यावारी न्यायचा, मग गप्प बसायला लागला, आणि गणपतीत एकदाचा "बरां" म्हणाला. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी संदीप टेम्पो घेऊन येणार असं ठरलं.

मी तणतणत दत्तप्रसादाकडे गेले. तो पडवीत बसून कांदे सोलत होता. म्हटलं, "तुला जायचंय का खरंच?"

"नाय, बाई," तो म्हणाला. "पण हयसर रवाक कोणीतरी 'रव' म्हणाक होया मां? अठ्ठावीस वर्सां झाली, तेनी एकदाव म्हणूक नाय. एकदा म्हणांदे. मी खंय जावचंय नाय."

त्यांचा 'रव', आमच्याकडे 'राव', म्हणजे 'राहा', एवढा एकच शब्द त्याला ऐकायचा होता. मग मी यशवंताला गाठलं. तो डबे धूत होता. मान वर न करता म्हणाला, "तो आपल्या मनशांत वता. ताका अडवपाक हांव कोण?"

"आपल्या माणसांत जातोय म्हणे! मग तू कोण, ते तूच सांग."

"बाई, हांव बरोवपी मनीस. बोलपी न्हय."

म्हणजे एकाला ऐकायचं होतं आणि दुसऱ्याला नुसतं लिहिता येत होतं, बोलता येत नव्हतं. आणि घर मोडायला निघालं होतं. मला दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

याच दिवसांत गौरवी आली. मुलगी डिचोलीची, पणजीला जाहिरातीच्या कचेरीत काम करणारी, केस मुलासारखे कापलेले, बोलायला गोड. यशवंताच्या कुंपणभिंतीसमोर गाडी थांबवून ती उतरली, कारण म्हापशाच्या रस्त्याला वळणावरच ती भिंत आहे आणि प्रत्येक बस तिथं हळू होते. माझं घर शेजारीच, यशवंतानं लगेच मला हाक मारली. मजकूर म्हटला की मी हवीच.

गौरवीनं मोबाईलवर फोटो दाखवले. कुठल्याशा परदेशी रंगाच्या कंपनीची मोहीम होती. अकरा देशांतल्या अकरा गावांत एकच वाक्य, त्या त्या गावच्या पेंटरनं, त्या त्या गावच्या भाषेत, हातानं लिहायचं. वाक्याचा अर्थ एवढाच, की मी आणि माझा साथीदार इथे राहतो. खाली एक फोन नंबर. ज्यांना घरात बोलता येत नाही त्यांनी त्यावर बोलावं. ब्राझीलच्या मासळीबाजारातली भिंत होती, थायलंडमधली होती, एका बर्फाळ गावातली होती. प्रत्येक भिंतीखाली रंगानं हात भरलेला एक पेंटर उभा होता. तो सगळीकडे सारखाच दिसत होता, म्हणजे अर्धपोटी आणि खूश.

"ही कोणाखातीर?" यशवंतानं विचारलं.

"दोन दादले, दोन बायलो, वा जे दादलो-बायल ह्या चौकटींत बसनात ते," गौरवी सहज म्हणाली. "जे एकामेकांचे आसात आणि सांगूंक भियेतात, तांचेखातीर."

यशवंत भिंतीकडे बघत राहिला. असं राहणं गुन्हा नाही हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण वर्तमानपत्र वेगळं आणि पेडण्याचा बाजार वेगळा. ते वाक्य, तेही याच भिंतीवर! गौरवीला या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं मलाच विचारलं, "बाई, साथीदाराक बरो मराठी शब्द कितें?"

आता खरं सांगते. 'जोडीदार' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. सरळ, सोपा, सगळ्यांना कळणारा. पण सगळ्यांना कळेल म्हणूनच मी तो गिळला. तोंड वर करून म्हटलं, "भागीदार. शुद्ध शब्द आहे." तीस वर्षं शुद्धलेखन शिकवणाऱ्या बाईनं शुद्धपणाच्या नावाखाली शुद्ध भित्रेपणा केला. ध चा मा करणाऱ्या बाईला इतिहासात नाव तरी मिळालं, मला तेही मिळायचं नाही.

गौरवीनं विश्वास ठेवला. यशवंतानं माझ्याकडे एकदा बघितलं, कागद घेतला, दोऱ्याचं टोक गौरवीच्या हाती देऊन रेघा मारल्या आणि दोन दिवसांत भिंत रंगवली. निळ्या जमिनीवर पिवळं अक्षर, 'मी आणि माझा भागीदार इथे राहतो'. त्याच्या आयुष्यातलं उत्तम अक्षर होतं, आणि एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकला नव्हता.

पहिल्या आठवड्यात त्या नंबरावर एकोणचाळीस फोन आले. गौरवीच्या कचेरीत लोक हरखून गेले, की पेडणे किती पुढारलेलं आहे. मग त्यांनी फोन ऐकले. डिचोलीच्या एका ट्रकवाल्यानं विचारलं होतं, की खनिजाची वाहतूक आहे का, त्याच्याकडे दोन गाड्या उभ्या आहेत. नदीकाठच्या चोपड्याच्या एका बाईला होडीसाठी भागीदार हवा होता, मात्र तो पहाटे उठणारा असावा. मुरगावच्या गोदीतून एकानं चौकशी केली, की भागीदारीत राहायची खोलीसुद्धा मिळते की काय, कारण भिंतीवर तसं लिहिलंय. काजूच्या भट्टीवाल्यांचे फोन तर सगळ्यात जास्त. एका सद्गृहस्थांनी वीस मिनिटं उपदेश केला, की माणसानं एक वेळ भूत पाळावं पण भागीदार पाळू नये.

गावातही तेच. "पेंटरान धंदो घातलो मरे!" जो तो विचारी, कसला? यशवंत म्हणे, "जाता." आमच्याकडे भागीदार म्हटला की भट्टी, ट्रक, होडी नाही तर दुकान. दुसरं काही कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

मला हसू येत होतं, अगदी शनिवारपर्यंत. शनिवारी दत्तप्रसाद बाजारातून बांगडे घेऊन आला. तोवर तो त्या भिंतीकडे न बघता येत-जात होता. त्या दिवशी थांबला. वाक्य दोनदा वाचलं. मी माझ्या दारात होते.

"बाई, भागीदार म्हणजे कसलो?" त्यानं विचारलं. "भाड्याच्या खोलयेचो?"

मी काहीतरी पुटपुटले. तो आत गेला आणि थोड्या वेळानं माळ्यावरून ट्रंक खाली ओढल्याचा आवाज आला. तेव्हा माझं हसू गेलं. यशवंताला जे अठ्ठावीस वर्षं बोलता आलं नाही ते त्यानं भिंतीवर लिहायचं धाडस केलं होतं आणि मी त्याच्या तोंडात वाण्याचा शब्द कोंबला होता. दत्तप्रसादाला वाटलं, हेच त्याचं उत्तर.

मला राहवेना. मी त्यांच्या घरात शिरले आणि दत्तप्रसादाला सांगितलं, "तो शब्द त्याचा नाही रे. माझा आहे. मी घाबरले."

तो शर्टाच्या घड्या घालत होता. "शब्द तुमचो असात, बाई," तो शांतपणे म्हणाला. "अक्षर तेचांच मां?"

मी मागच्या दारी गेले. यशवंत तिथं ब्रश धूत बसला होता, स्वच्छ असलेलाच ब्रश पुन्हा पुन्हा. त्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "माका खबर आसा, बाई. तुमी भियेल्यात तें माका दिसलें. हांवूय भियेलों. म्हणून तर कांय विचारलें ना." एवढं बोलून त्यानं ब्रश उन्हात ठेवला. मला त्या क्षणी दोघांचा राग आला नाही, माझाच आला.

त्यानंतरच्या आठवड्यात गौरवीचा फोन आला. ती बिचारी मला दोष द्यायला तयारच नव्हती. म्हणाली, "बाई, शब्द बदलूंया. जोडीदार बरोवंया." फोटो काढणारा माणूस रविवारी सकाळी येणार होता, कारण अकराही भिंतींचे फोटो कंपनीला सोमवारी हवे होते. म्हणजे तोच रविवार. संदीपच्या टेम्पोचा.

रविवारी सकाळी नऊला मी बाहेर आले तेव्हा जुनी ओळ निळ्या रंगानं झाकून वाळलेली होती. यशवंत शिडीपाशी दोरा खडूत घोळवत होता. गौरवी आणि फोटोवाला रस्त्यापलीकडे उभे. टेम्पो फाटकाशी लागलेला, त्यात संदीप चटई अंथरत होता, आणि ट्रंकेवर बसून दत्तप्रसाद आपल्या चपलांकडे बघत होता. मी कागदावर 'जोडीदार' लिहून आणलं होतं, ठळक, जो ला मात्रा कुठं द्यायची तेही दाखवून. यशवंतानं कागद खिशात घातला.

दोरा धरायला माणूस नव्हता. मीच पुढं झाले. एक टोक त्यानं धरलं, एक मी. टक् केलं. रेघ अशी उमटली की, चोपड्याकडे निघालेला माणूस डिचोलीला पोचावा. पुसली. पुन्हा टक्. आता मधे पोट आलं.

"सैल धरलात, बाई," ट्रंकेवरून आवाज आला.

"मग ये ना, तूच धर!" मी ओरडले. मला खरंच राग आला होता.

दत्तप्रसाद उठला. माझ्या हातातून टोक घेतलं, भिंतीला अंगठा टेकवला आणि ताणलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. टक्. सरळ रेघ. दुसरी, तीही सरळ. दोरा सोडून तो परत जाऊन ट्रंकेवर बसला.

यशवंत शिडीवर चढला. 'मी आणि माझा' इथपर्यंत झरझर लिहिलं आणि थांबला. खिशातला माझा कागद काढला, उघडला, पुन्हा घडी केली आणि दातांत धरला. मग मोकळ्या हातानं त्यानं 'घ' काढायला घेतला.

"अरे, जोडीदार!" मी खालून म्हटलं. तोंडात कागद असलेला माणूस काय बोलणार? 'घ' झाला, 'र' झाला. 'का' आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं आणि मी तोंड मिटलं. त्यानं तो शब्द लिहिताना मला काही विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं नव्हतंही. त्या शब्दात चुकायला ऱ्हस्व-दीर्घच नाही.

'मी आणि माझा घरकार इथे राहतो.'

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, ती त्याला घरकार म्हणते. नवरा तो घरकार, बायको ती घरकान्न. ज्याच्यामुळे घराला घर म्हणायचं तो माणूस. पूल ओलांडून सातार्ड्यातही हाच शब्द चालतो. कुणाला त्यात ट्रक दिसत नाही की भट्टी दिसत नाही.

यशवंतानं 'राहतो'तल्या ओकाराची मात्रा ओढली आणि खाली न उतरता तसाच उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हापशाहून आलेली बस वळणावर हळू झाली. ड्रायव्हर दत्तप्रसादाच्या जुन्या ओळखीचा. त्यानं वाचलं आणि बस उभीच केली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. गौरवीनं हात तोंडावर ठेवला होता.

दत्तप्रसाद शिडीखाली येऊन उभा राहिला. "ह्यां वाचलंय," तो म्हणाला. "आता तोंडान सांग."

"बरयलां न्हय? आनी कितें जाय?"

"तोंडान."

यशवंतानं तोंडातला कागद काढला. वळला. सगळी बस ऐकत होती, गावातली दहा-बारा माणसं ऐकत होती, मी ऐकत होते.

"राव," तो म्हणाला. मग एवढ्यानं आपलं भागणार नाही असं वाटून की काय, मोठ्यानं म्हणाला, "राव मरे. वचूं नाका."

'जाऊ नको' हे त्याच्या तोंडून ऐकून मी रडले. सांगायला लाज कसली? रडले आणि पदराला डोळे पुसले. दत्तप्रसाद मात्र रडला नाही. त्यानं शिडीला दोन्ही हात लावले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाला, "उतर खाली. पडशीत."

बसवाल्यानं भोंगा वाजवला आणि बस निघाली. आता सगळ्यांच्या नजरा संदीपकडे. तो टेम्पोत उभा राहून ती ओळ वाचत होता. त्याची आई त्याच्या बाबांना तोच शब्द लावते, म्हणजे अर्थ कुणी सांगायला नको, हातच्या कांकणाला आरसा कशाला? चेहऱ्यावर एकेक रंग येऊन गेला. शेवटी तो खाली उडी मारून आला आणि रडवेला होऊन म्हणाला, "काका, ह्यां आधी सांगूचां नाय? मी तुमच्यासाठी खोलयेक रंग काढलंय!"

"खंयचो रंग?" शिडीवरून यशवंतानं विचारलं. सवय जाते कुठं?

"निळो."

"चुन्याचो काय डिस्टेंपर?"

"चुन्याचो."

"पावसांत उडटलो," यशवंत म्हणाला. "पावसाआदीं येतां हांव, दोन हात काडून दितां."

संदीपनं ट्रंक उचलली, आणि टेम्पोत नव्हे, घरात नेऊन ठेवली. जेवायलाही थांबला. बांगड्याच्या हुमणात मीठ जास्त पडलं होतं, त्यावरून घरकार-घरकार भांडले, आणि संदीपनं यशवंताची बाजू घेतली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. दोन घरांनी त्या दिवसापासून यशवंताशी बोलणं सोडलं. त्यातलं एक माझ्या सख्ख्या चुलत जावेचं, म्हणून मी तिच्याशी सोडलं. कुणी खवचटपणे विचारलं, "दोगांतलो घरकार खंयचो?" यशवंत आता बोलायला शिकला आहे. तो म्हणाला, "दोगूय. घर एक आसा, घरकार दोन." गौरवीच्या कंपनीत जरा गडबड उडाली, कारण मंजूर झालेला शब्द वेगळाच होता. तिनं अर्थ समजावून कळवला. उत्तर आलं की चालेल, आणि भिंतीखाली उभे असलेले ते दोन पेंटर कोण? फोटोत दत्तप्रसादानं दोरा धरलेला होता, त्यामुळे त्यांचा तसा समज झाला.

पुढल्या मंगळवारी गौरवीचा फोन आला. आवाज वेगळाच होता. त्या नंबरावर डिचोलीहून कुणी मालती म्हणून बाई बोलत होत्या, वयानं सत्तरीच्या. त्यांनी बसमधून भिंत वाचली होती. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की दोन बायका असतील तर काय लिहितात? गौरवी म्हणाली, "म्हाका येना, बाई. तुमकां जोडून दितां."

मी फोन कानाला लावला. मालतीबाई म्हणाल्या, "चाळीस वर्सां एकठांय रावतात आमी. ती शेजाऱ्यांक सांगता, मावस भैण. हांव सांगतां, मैत्रीण. खंयचोच शब्द बसना."

या वेळी मी काही गिळलं नाही. "घरकान्न," मी म्हटलं. "तुम्ही तिची घरकान्न, ती तुमची घरकान्न. अगदी शुद्ध आहे. मी मराठीची बाई आहे, माझ्यावर भरवसा ठेवा."

त्यांनी फोन कानापासून दूर धरला असावा, कारण त्यांची हाक घरातून आत आत जाताना मला ऐकू आली.

"अगो आनंदी, शब्द मेळ्ळो गो!"